वारा अनुकूल असला तर

मी जुन्या कापडांची निगा राखते. पिस्कॅटवेच्या मराठी मंडळात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे ड्रायक्लीनिंग का हो, सरलाताई?" डॉक्टर आणि इंजिनियर सोडून जगात तिसरं काही काम असतं हे आमच्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. मी आता समजावणं सोडून दिलं आहे. हो म्हणते आणि ताटात आणखी एक वडा वाढून घेते.

रॅरिटन नदीच्या काठी एक लहानसं खाजगी म्युझियम आहे, त्याच्या तळघरात माझी लॅब. खिडकी नाही, ऊन नाही. भिंतीवर दमटपणा मोजायचं यंत्र, टेबलावर मायक्रोस्कोप, शोषकागदाच्या चळती. चहाचा थर्मास दाराबाहेर, कारण आत काही खायला-प्यायला मीच बंदी घातली आहे. मी केमिस्ट्री शिकलेली बाई. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला अंगाऱ्याची पुडी पाठवायला नको.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात चीनहून वेन आले. वायव्य चीनमधे लान्झोच्या एका कॉलेजात जन्मभर जुनं रेशीम अभ्यासलेला माणूस. साठी उलटलेली, निळा सुती कोट, आणि खिशात स्वतःच्या हाताने शिवलेले पांढरे हातमोजे. ते आमच्याकडे एकाच वस्तूसाठी आले होते. हाताच्या पंजाएवढ्या रुंदीचा, विटकरी रंगाचा एक रेशमी पट्टा, सिरियाच्या वाळवंटात एका थडग्यात सापडलेला. एका टोकाकडून घट्ट चिनी वीण, दोन हजार वर्षांपूर्वीची. दुसऱ्या टोकाकडे रोमन मुलखातल्या कुणा विणकराने तेच रेशीम धागा धागा उसवून, पुन्हा मागावर चढवून, माशीच्या पंखासारखं विरळ विणलं होतं. त्या काळी तिकडे ही पद्धतच होती. म्हणजे एकाच कापडावर दोन टोकांच्या दोन माणसांचे हात, आणि ती दोघं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.

आणि पट्टा सापडल्यावर कुणा दलालाने बरोबर मधोमध कात्री लावली. दोन तुकडे झाले की दोन गिऱ्हाइकं होतात ना. चिनी अर्धा आमच्याकडे आला. रोमन अर्धा पेन्सिल्व्हेनियातल्या एका कॉलेजगावात प्रोफेसर लिविया सान्ती यांच्याकडे होता, त्यांच्या वडिलांपासून. मी त्यांना सान्तीबाई म्हणते. वेनना आयुष्यात एवढंच हवं होतं, की हे दोन तुकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून कापलेला धागा धाग्याला जुळतो का ते डोळ्यांनी बघावं.

आमच्या म्युझियमपासून सान्तीबाईंचं घर गाडीने चार तासांवर. पण वेनना इंग्रजी येत नव्हतं आणि सान्तीबाईंना चिनी. मधे होते आमचे प्रतापराव.

प्रतापराव खामगावचे. पन्नासच्या दशकात स्कॉलरशिपवर पेकिंगला जाऊन चिनी शिकले, मग इकडे आले. आवाज लोण्याहून मऊ. म्युझियमला चिनी पत्र आलं की प्रतापराव, पाहुणा आला की प्रतापराव, मंडळाच्या हॉलचं बुकिंग अडलं तरी प्रतापराव. कुणी कुणाला थेट फोन म्हणून करायचा नाही. "प्रतापराव आहेत ना," असं म्हणून सगळे निवांत. आपल्या लोकांची ही जुनी खोड. मधला माणूस मिळाला की आपण स्वतःची जीभ गहाण टाकतो.

वेन आणि मी भाषेवाचून काम करायचो. धागा दाखवायचा, बोट ठेवायचं, मान हलवायची. दर रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलवायची. एकदा वरणफळं केली. ताटलीतली ती कणकेची फळं बघून ते इतके हरखले की नरेंद्र, म्हणजे माझे यजमान, घाबरलेच. त्यांच्या गावी त्यांची आई अशीच कणीक तोडून रश्शात टाकायची म्हणे. मराठीतला एकच शब्द ते शिकले. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे मी त्यांना प्रतापरावांकरवी समजावलं होतं. तेव्हापासून दारात वळून, किंचित वाकून म्हणायचे, "येतो."

जानेवारीत त्यांची परत जायची वेळ आली तरी सान्तीबाईंची भेट झाली नव्हती. दर वेळी काहीतरी आडवं येत होतं. शेवटच्या रविवारी जेवता जेवता प्रतापराव त्यांच्याशी बराच वेळ चिनीत बोलले. वेनचा चमचा ताटलीतच राहिला. मी विचारल्यावर प्रतापराव म्हणाले, सान्तीबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, कुणाला भेटत नाहीत, आणि डोंगरातला रस्ता बर्फात अडकला तर आठवडे जातात, या वयाला झेपणार नाही.

वेननी ताटली बाजूला सरकवली. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि प्रतापरावांनी ती वरणात लिंबू पिळता पिळता भाषांतरित केली. हान राजांच्या काळात गान यिंग नावाचा दूत रोमला निघाला होता. चिनी रेशीम रोमला विकून मधले पार्थियन, म्हणजे तेव्हाचे इराणी, गब्बर झाले होते. दोन टोकं थेट भेटली तर यांना कोण विचारणार? गान यिंग पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पोचला, तेव्हा तिथल्या खलाशांनी त्याला सांगितलं, पाणी फार मोठं आहे. वारा अनुकूल असला तर तीन महिने लागतात, नसला तर दोन वर्षं. म्हणून जाणारे तीन वर्षांचं धान्य बरोबर घेतात. आणि त्या पाण्यावर माणसाला घराची अशी ओढ लागते, की कित्येक जण तेवढ्यानेच मरतात. गान यिंग तिथूनच माघारी फिरला.

एवढं सांगून वेन थांबले आणि प्रतापरावांच्या डोळ्यांत बघून आणखी एक वाक्य बोलले. प्रतापरावांनी त्याचं भाषांतर केलं नाही. "म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो हो, वहिनी," म्हणाले, आणि भात मागितला.

विमानतळावर वेननी मला त्यांचं पितळी भिंग दिलं, कापडाचे धागे मोजायचं. मग दोन्ही तळवे एकमेकांना टेकवून दाखवले. दोन तुकडे. तू बघ. मी मान डोलावली. ते वळले, वाकले, म्हणाले, "येतो." फेब्रुवारी सरता सरता ते वारल्याची तार म्युझियमला आली.

त्या शरद ऋतूत प्रतापरावांचं एक पुस्तक जाहीर झालं, त्याच पट्ट्याविषयी. वेनचं काम त्यात होतं, सान्तीबाईंचं काम त्यात होतं, नाव एकट्या प्रतापरावांचं. त्याच निमित्ताने म्युझियमने ठरवलं की आमचा तुकडा एकदा सान्तीबाईंकडे नेऊन जुळवून घ्यावा, फोटो काढावेत. पेटी सांभाळायला मी, गाडी चालवायला आणि ओळख करून द्यायला प्रतापराव.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी सान्तीबाईंना टेबलाचं माप विचारायला फोन केला. पहिल्यांदाच, थेट. आवाज खणखणीत. आजार वगैरे? त्या हसल्या. सर्दीसुद्धा झाली नव्हती म्हणे त्या वर्षी. मग त्यांचा आवाज बदलला. त्यांनी मला विचारलं, ते चिनी गृहस्थ मला का भेटले नाहीत? त्यांनी वेनसाठी खोली तयार ठेवली होती. ठरलेल्या दिवशी स्वयंपाक करून खिडकीशी बसल्या होत्या, संध्याकाळपर्यंत. मग प्रतापरावांचा फोन आला, की वेन सरकारी माणूस आहे, तुमच्या वडिलांना तो चोर म्हणतो, तुमच्या घरात पाऊल टाकायला तयार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला आणि लॅबमधे उभीच राहिले. डोळ्यांसमोर वेनचा तो ताटलीतच राहिलेला चमचा येत होता. चार तास हो. फक्त चार तासांचा रस्ता, आणि त्या म्हाताऱ्याला या माणसाने तो दाखवला नाही. मला सूड हवा होता, सरळ सांगते. न्याय वगैरे मोठे शब्द मी वापरत नाही. सान्तीबाईंच्या बैठकीत, त्यांच्यासमोर, एक खोटं दुसऱ्या खोट्याशेजारी मांडायचं आणि प्रतापरावांचं तोंड बघायचं, एवढं मी ठरवलं. नरेंद्रलासुद्धा बोलले नाही. मूग गिळून गप्प बसले.

पेटी भरताना पट्ट्याखालचा शोषकागद ओलसर लागला. वाळल्यावर त्यावर पांढरी कड उमटली. मी ती भिंगाखाली बघितली. मीठ. वाळवंटी मातीत मीठ असतं, हवा दमट झाली की कापडातून बाहेर येतं, यात नवल काही नाही. यंत्रावर मात्र हवा नेहमीसारखीच कोरडी दिसत होती. मी कागद बदलला. दुसऱ्या दिवशी तोही ओला होता.

ऑक्टोबरातली लख्ख सकाळ होती. प्रतापरावांची बुइक गाडी, मागे सीटबेल्ट लावून पेटी, तिच्याशेजारी मी. आमच्या धंद्यात नियम कडक असतो. वस्तू प्रवासात असेपर्यंत तिच्याबरोबरच्या माणसाने ती नजरेआड करायची नाही. जेवताना नाही, बाथरूमला नाही, आग लागली तरी नाही. प्रतापरावांना तो ठाऊक होता. "पोराला घेऊन बसल्यासारख्या बसल्यात, वहिनी," म्हणून त्यांनी चेष्टा केली आणि सुपारीची डबी पुढे केली. मी नको म्हटलं.

हायवे नंबर एटीला लागलो. डेलावेअर नदीच्या पुलापाशी टोलनाका. नाक्यावरचा माणूस लालबुंद चेहऱ्याचा, कानटोपी घातलेला. सुटे परत देताना त्याने आमच्या पलीकडे, डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाला, "वारा चांगला असला तर तीन महिने लागतील." अगदी 'हॅव अ नाइस डे' म्हणावं तसं.

प्रतापरावांनी काच वर केली. "बोटीचा शौक दिसतोय," म्हणाले. मलाही तसंच वाटलं. माणसं रविवारी नदीत होड्या घेऊन जातात, त्यातलंच काही बोलला असेल.

पूल ओलांडला की पेन्सिल्व्हेनिया. दोन्ही बाजूंनी मेपलची झाडं लालभडक पेटलेली, वर निळं आकाश. कॉफीसाठी रस्त्याकडेच्या डायनरमधे थांबलो. मी पेटी मांडीवर घेऊन बसले. वेट्रेस पन्नाशीची, पेन्सिल कानावर. तिने प्रतापरावांच्या पुढ्यात अ‍ॅपल पायची बशी ठेवली आणि विचारलं, पुढे चाललात का? हो म्हटल्यावर सहज म्हणाली, "मग खायला घेऊन जा बरोबर. तीन वर्षांचं तरी." आणि दुसऱ्या टेबलाला कॉफी ओतायला गेली.

प्रतापरावांनी माझ्याकडे बघितलं. "ही गंमत तुम्ही केलीत का, वहिनी?" आवाज मऊच होता, पण कप त्यांनी न पिताच खाली ठेवला. मी म्हटलं, मी हिला कुठून ओळखणार. त्यांनी पायचा एक घास घेतला आणि बाकीचा तसाच ठेवला. मी स्वतःशी म्हटलं, डोंगरातल्या हिवाळ्याची ही लोकं अशी थट्टा करत असतील. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं की मी कारणं शोधायला लागले आहे.

पुढे प्रतापराव खामगावविषयी बोलू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून गावाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. उलट गावाची आठवण काढणाऱ्यांची ते टर उडवायचे. आता जिनिंगबद्दल बोलत होते. सरकी वेगळी होताना उडणारा कापूस, नाकात बसणारा तो वास, फाटकापाशी थांबलेल्या बैलांच्या घंटा. वडील तिथे कापूस पारखायचे, मूठभर घेऊन ओढून बघायचे. आरशात मला दिसलं, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"घरी जायला हवं होतं हो," ते म्हणाले. "किती दिवस झाले आपण निघून?"

मी म्हटलं, सकाळी तर निघालो.

डावीकडे एक लाल कोठार गेलं, भिंतीवर तंबाखूची फिकट जाहिरात. छपरावर पांढरे पक्षी ओळीने बसले होते. सीगल. समुद्र तिथून दीडशे मैलांवर. मी म्हटलं, कचरा असेल जवळपास, हे पक्षी कचऱ्यामागे कुठेही जातात.

थोड्या वेळाने डावीकडून तेच कोठार पुन्हा गेलं. तीच जाहिरात. पक्षी जास्त होते.

धुकं खालून आलं, शेतातून, रस्त्याच्या पातळीवर. आकाश वर निळंच होतं. गाडीच्या आत खारट वास पसरला. मी पेटीवर हात ठेवला. लाकूड ओलं लागलं. हाताला थंड पाण्याचा ओघळ लागला आणि मनगटापर्यंत आला.

घाबरले का? हो, घाबरले. पण त्या भीतीच्या तळाशी मला दुसरंच काही जाणवत होतं आणि त्याला मी नाव देते. बरं वाटत होतं मला.

प्रतापरावांनी वेग कमी केला. हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, आणि समोर त्यांना काय दिसत होतं ते मला माहीत नाही. मला रस्ता दिसत होता. पांढरे पट्टे, कठडा, आणि धुक्याच्या वर स्पष्ट हिरवी पाटी. सान्तीबाईंच्या गावाचं नाव. बाहेर पडायचा फाटा, दोन मैल.

"वेन त्या दिवशी काय म्हणाले होते ठाऊक आहे?" प्रतापराव म्हणाले.

"नाही. तुम्ही सांगितलं नाहीत."

"म्हणाले, गान यिंग माघारी गेला, पण तो समुद्र कुठे जाणार? ज्यांनी सांगितला त्यांच्याच दारात तो राहिला. त्यांना कधीतरी तो ओलांडावा लागला असेल."

वायपर चालू होते. काचेवर पाऊस नव्हता, पण पाणी होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "मला पलीकडचं काही दिसत नाही हो. तुम्हाला दिसतं का? अजून किती आहे? खरं सांगा."

पाटी जवळ आली होती. अक्षरं हाताच्या अंतरावर वाचावीत इतकी स्पष्ट. दोन मैल. एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन शब्द, आणि तो माणूस पोचला असता.

मला विमानतळावरचे वेनचे तळवे आठवले, एकमेकांना टेकवलेले.

"वारा अनुकूल असला तर तीन महिने, प्रतापराव," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. उत्तर आधीच माहीत असल्यासारखी.

"आणि नसला तर?"

"दोन वर्षं."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, किल्ली तशीच ठेवली. डबी खिशात घातली. दार उघडल्यावर आवाज आत आला. मोठा, सावकाश, मागे सरून पुन्हा येणारा. त्यांनी बूट काढले, पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडली आणि खाली उतरले. दाराशी वळून माझ्याकडे पाहिलं.

"जातो, वहिनी."

आपल्यात असं कुणी म्हणत नाही.

कठड्यापलीकडे धुक्यात ते चालत गेले. आधी गुडघ्यापर्यंत दिसेनासे झाले, मग कमरेपर्यंत. हाक मारता आली असती. उतरून मागे जाता आलं असतं. पण पेटी माझ्याजवळ होती आणि ती नजरेआड करायची नाही असा नियम आहे. नियम मी केलेला नाही.

मी वाट बघितली, माणुसकीला धरून होईल इतकी. मग पुढच्या सीटवर गेले, पेटीला शेजारी बसवलं आणि गाडी सुरू केली. फाटा लगेचच आला.

सान्तीबाई खिडकीशी बसल्या होत्या. मला एकटीला बघून त्यांनी काही विचारलं नाही, फक्त दार उघडं धरलं. टेबलावर पांढरा कपडा अंथरून त्यांनी त्यांचा तुकडा मांडून ठेवला होता. मी पेटी उघडली. आत सगळं कोरडं होतं, अगदी कोरडंठाक. आमचा तुकडा त्यांच्या तुकड्याशेजारी सरकवला आणि वेनचं भिंग वर ठेवलं. धागा धाग्याला जुळत होता. त्यात एक लाल धागा होता, तो कात्रीच्या अलीकडून निघून पलीकडे जात होता, न चुकता. सान्तीबाईंनी भिंगातून पाहिलं आणि इटालियनमधे काहीतरी पुटपुटून रडू लागल्या. मीही रडले. मग मी त्यांना वेनविषयी सगळं सांगितलं, आणि त्यांनी मला त्या स्वयंपाक केलेल्या दिवसाविषयी. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर येणार होते ते गृहस्थ कुठे आहेत? मी म्हटलं, वाटेत उतरले.

पोलिसांनी शोध घेतला. मी त्यांना जे घडलं ते सांगितलं, फक्त माझी दोन वाक्यं सोडून. कठड्यापलीकडे कापणी झालेलं मक्याचं शेत होतं, कुत्रे घेऊन त्यांनी ते पालथं घातलं. शेताच्या मधोमध एका रेषेपाशी कुत्रे थांबले आणि पुढे जाईनात. मक्याचे खुंट त्या रेषेपर्यंत पिवळे होते, त्यापुढचे पांढरे. पोलिसांनी माती तपासायला नेली, पुढे काय झालं ते कळवलं नाही. प्रतापरावांच्या बायकोचं, रेखाचं, मला वाईट वाटतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी तिच्याशेजारी बसते.

पट्ट्याचे दोन्ही अर्धे आता आमच्याकडे एकाच चौकटीत आहेत. पाटीवर वेन आणि सान्तीबाई अशी दोन नावं आहेत. शोषकागद परत कधी ओला झाला नाही.

पहिला फोन सत्त्याऐंशीच्या जानेवारीत आला, लॅबमधे, दुपारी. ऑपरेटर म्हणाली कलेक्ट कॉल आहे, प्रतापकडून, पैसे तुम्हाला पडतील, घेणार का? तिच्या आवाजामागे पाणी ऐकू येत होतं. मी घेते म्हटलं.

"वहिनी," मऊ, अदबशीर आवाज. "अजून किती?"

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मी सांगितलं, वारा अनुकूल नाही, दोन वर्षं. ते थँक्यू म्हणाले.

तेव्हापासून वर्षातून दोनदा-तीनदा येतो. दर वेळी थोडा लांबून. दोन वर्षं उलटून गेली तेव्हा मी स्वतःला विचारलं, पुरे का आता? मग ती खिडकीशी बसलेली बाई आठवली, आणि लान्झोच्या बाजूला कुठेतरी गेलेला तो म्हातारा. नाही, पुरे नाही.

परवा पुन्हा आला. आता एकोणनव्वदचा ऑक्टोबर चालू आहे, म्हणजे तीन वर्षांचं धान्य न्यायला हवं होतं त्यांनी. बरोबर होती फक्त सुपारीची डबी. या वेळी त्यांनी चिनीत विचारलं. मराठी बहुधा संपली असावी. मला चिनी येत नाही, पण प्रश्न कळला, आणि उत्तर मी मराठीतच दिलं.

फोन ठेवल्यावर बघितलं तर रिसीव्हरच्या भोकांत पांढरं काहीतरी साचलं होतं. बोटाने पुसून जिभेला लावलं. मग ओल्या फडक्याने फोन स्वच्छ केला, हातमोजे घातले आणि कामाला लागले.